आत्याबाईंचा धूर

हिवाळ्यात मटार आले की लखनौच्या आमच्या इंदिरा नगरच्या घरात कुणालाच रिकामे हात ठेवता येत नसत. आई ठेल्यावाल्या भैयाकडून मोठी थैलीभर शेंगा घ्यायची, अंगणातल्या उन्हात चादर पसरायची आणि मग कुणाला काही बोलायचं असेल तर त्यानं ते शेंगा सोलत बोलायचं. राजकारण, लग्नाचा विषय, रडारड, सगळं त्या चादरीवर चालायचं. आई सोलापूरची. तिची मटारची उसळ शेंगदाण्याच्या कुटाशिवाय व्हायची नाही, आणि शेजारच्या बायकांकडून शिकलेली तहरी, म्हणजे तिकडचा मटारभात, हीही त्याच हातानं तितकीच झकास व्हायची. मी घरात निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलायचे. चिडले की पूर्ण हिंदीत जायचे. मग आई म्हणायची, "मिने, भांडायचं असेल तर मराठीत भांड. मला उत्तर सुचायला हवं ना." माझं पहिलं पत्रक मी त्याच चादरीवर लिहिलं. बोटांना हिरवा वास, आणि मथळा हिंदीत: धुआँ आपका, फेफड़े हमारे.

फाटकाशी आत्याबाई उभी असायची. ही आमची गाडी. जुन्या इंग्रजी बनावटीची, गोल पाठीची, राखाडी रंगाची. बाबा हवाई दलात इंजिनांचे फिटर होते. शेवटची नेमणूक लखनौला होती आणि तेव्हाच निवृत्त होऊन परत जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली होती. बाबांची खरी आत्या दर लग्नात रुसून बसायची, शिवाय तिला उठवायला चारजण लागायचे, म्हणून हे नाव. रविवारी सकाळी बाबा बॉनेट उघडून तिच्यात डोकं घालत, आणि त्यांचा आवाज आतून घुमून यायचा, "अगं, चहा." आई म्हणायची, "इकडे तोंड करून मागा, मग मिळेल." निवृत्तीनंतर माणसाला उठून जाण्यासारखं काहीतरी लागतं. बाबांकडे ती गाडी होती. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून मी त्यांना सोडलं असतं का? मुळीच नाही.

आमची धूरमुक्त चौक समिती म्हणजे कॉलेजातल्या चौघी-पाचजणी, एक उसना भोंगा आणि माझी पत्रकं. माणसं वाहणाऱ्या तीनचाकी टेम्पोंनी त्या काळात शहराचा श्वास बंद केला होता. गणेशगंजहून आलेला माणूस नाक शिंकरायचा तर रुमालावर काजळी निघायची, आणि यावर बोललं की लोक म्हणायचे, "अरे, हवा ही ऐसी है." हवा कशी ऐसी असते? हवा कुणीतरी ऐसी करतं. आमच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. तेव्हा आम्ही ठरवलं, दर रविवारी चौकात उभं राहायचं, येणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचा आणि तो सर्वांसमक्ष दोरीवर टांगायचा, खाली गाडीचा नंबर. लोक भडकत, पण थांबत. लाज ही यंत्रापेक्षा स्वस्त आणि जास्त अचूक असते, हे माझं मत आजही कायम आहे.

समोरच्या घरात तिवारीजी राहायचे. सरकारी दफ्तरातले, तोंडात पान, आवाजात साखर. पत्रक हातात पडल्यावर त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, घडी घातली आणि फाटकाबाहेर तापत उभ्या असलेल्या आत्याबाईकडे पाहिलं. तिच्या मागून काळा धूर निघून त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरांवर जात होता. "बिटिया," ते म्हणाले, "लिखती बहुत अच्छा हो. बस एक रुमाल इधर भी बाँध दो." गल्लीत चारजण हसले. नसरीन, माझी मैत्रीण आणि समितीची भोंगावाली, तीही हसली. मी त्याच संध्याकाळी, तहरीचं ताट समोर असताना, बाबांना सांगितलं.

"बाबा, या गाडीचा धूर बंद करा, नाहीतर गाडी विका."

"जेव आधी."

"नाही. मी लोकांचे रुमाल टांगते आणि माझ्या घरातली गाडी चौकात न जाता मागच्या गल्लीनं काढायची, हे मला जमणार नाही."

आई म्हणाली, "अहो, बरोबर बोलतेय ती. माझ्या पापडांनाही वास येतो."

बाबांनी दही कालवलं. ते चिडले की सावकाश जेवायचे. "धूर काळा आहे," ते शेवटी म्हणाले, "निळा नाही. निळा असता तर इंजिनच गेलं असं म्हटलं असतं. काळा म्हणजे पोट ठीक आहे, खाणं बेहिशेबी आहे. तिचा कार्ब्युरेटर झिजलाय, मिळत नाही कुठे. तेव्हा कार्ब्युरेटरच काढायचा. होळीच्या आधीच्या रविवारी तुझ्या चौकात आणतो. रुमाल तिवारीला धरू दे. काळा झाला, तर त्या बारातवाल्याला किल्ली तू स्वतःच्या हातानं द्यायची." बारातवाला म्हणजे लग्नांना गाड्या भाड्यानं देणारा एक इसम. नवरदेव बसवायला त्याला आत्याबाई हवी होती आणि दर महिन्याला तो फाटकाशी येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून जायचा. तिला झेंडूच्या माळांत गुंडाळून बँडच्या मागे चालवणार. तो गेला की बाबा तिची पाठ फडक्यानं पुसून काढत. मलाही तो नको होता, पण नियम म्हणजे नियम.

आता कार्ब्युरेटर काढून काय लावायचं, तर इंजेक्शन. नव्या गाड्यांत तेव्हा ते नुकतंच येऊ लागलं होतं. बाबांनी मला ते चादरीवर मटारांच्या मदतीनं समजावलं. कार्ब्युरेटरमध्ये एक छोटी वाटी असते, तीत पेट्रोल साठतं आणि इंजिन श्वास घेईल तसं त्यातून ओढून घेतं, भूक असो वा नसो. इंजेक्शनमध्ये वाटीच नाही. टाकीपाशी विजेचा जोरदार पंप, तिथून दाबानं पेट्रोल पुढे, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी एक बारीक पिचकारी, आणि किती वेळ उघडायची ते ठरवणारा एक डबा. उरलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीनं परत टाकीत. "मोजून वाढतं," बाबा म्हणाले. आई तिकडून म्हणाली, "म्हणजे तुमच्या बहिणीसारखं."

हे सगळं सामान मिळालं लाटूश रोडला, रशीदभाईंच्या दुकानात. रशीदभाई अपघातात गेलेल्या गाड्या खोलून त्यांचे सुटे भाग विकायचे. त्यांच्याकडे एक नवीकोरी गाडी एका बाजूनं चेपलेली आणि बाकी सगळी शाबूत अशी पडली होती. इंजिनाचा आकार जवळपास आत्याबाईएवढाच. बाबांनी पंप, पिचकाऱ्या, डबा, तारांचा जुडगा असं एकेक काढायला लावलं. रशीदभाईंनी डब्यावरची धूळ स्वतःच्या बाहीनं पुसली. "साहब, ये तो इसका दिमाग़ है. लगाइएगा किसमें?" बाबांनी गाडीचं नाव सांगितलं. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बुज़ुर्ग ख़ातून हैं," ते म्हणाले. "दिमाग़ नया मिलेगा तो पहले यही पूछेंगी कि इतने बरस मुझसे ये क्या खिंचवाया." तिथंच उभ्या उभ्या मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते दुकानात लावलं, पण टेम्पोवाल्या गिऱ्हाइकांना दिसणार नाही अशा जागी. मी बोलले. त्यांनी लगेच हलवलं.

पुढचा महिना आमच्या घरात पेट्रोलचा, तापल्या पितळेचा आणि उसळीचा वास एकमेकांत मिसळून राहिला. सगळ्यात गंमत झाली ती टाकीची. जुनी टाकी आतून गंजलेली, आणि पिचकाऱ्यांची भोकं इतकी बारीक की गंजाचा एक कण त्यांना बास. बाबांनी टाकी उतरवली, तिच्यात मूठभर खडी आणि सायकलची जुनी साखळी घातली, थोडं रॉकेल ओतलं, तोंड बंद केलं आणि म्हणाले, हलवा. किती हलवणार? हात गळून गेले. मग आईनं आत जाऊन तिची एक जुनी नऊवारी आणली, पेरूच्या झाडाच्या फांदीला झोळी बांधली आणि टाकी तीत ठेवली. दुपारभर आम्ही पाळीपाळीनं झोका देत होतो. खळ्ळ खळ्ळ, खळ्ळ खळ्ळ. आई एका हातानं झोका देत दुसऱ्या हातानं तांदूळ निवडत होती. तिवारीजींच्या घरच्या भाभी भिंतीवरून डोकावल्या, झोळी पाहिली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भाभीजी, किसका है?" आईनं तांदळातून नजर वर न करता सांगितलं, "इनका." भाभी खाली गेल्या त्या गल्लीला सांगायलाच. संध्याकाळी दोनजणी बाळंतिणीच्या लाडूंसाठी गूळ-तूप घेऊन आल्या होत्या, आणि झोळीतून गंजाचं लाल पाणी गळताना पाहून एकजण किंचाळली. गूळ आम्ही परत केला नाही.

टाकीला खाली नवं तोंड पाडलं, परत येणाऱ्या पेट्रोलासाठी दुसरं. आत पाणी भरून मगच झाळायचं, नाहीतर उरलेली वाफ पेटेल, हे बाबांनी झाळवाल्याला तीनतीनदा बजावलं. नळ्या दाब सोसणाऱ्या, जाड, आत कापडाचं अस्तर असलेल्या. पुलीवर एक दातेरी चकती, म्हणजे इंजिन किती वेगानं फिरतंय ते डब्याला कळेल. जुना डायनॅमो गेला, त्याजागी अल्टरनेटर आला. आणि एका सकाळी बाबांनी किल्ली अर्धी फिरवली. गाडीच्या मागच्या अंगातून एक आवाज आला, बारीक, एकसुरी, भरल्या तोंडानं कुणीतरी गुणगुणावं तसा, आणि आपोआप थांबला. पंपानं दाब भरला होता. पुढचं सांगायला नको. ती पहिल्याच झटक्यात सुरू झाली. खोकली नाही, रुसली नाही. आई दारात ओल्या हातानं उभी होती. "एवढंच?" ती म्हणाली. बाबांचं त्याहून मोठं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही. मी मात्र दिवसातून कितीतरी वेळा किल्ली अर्धी फिरवून ते गुणगुणणं ऐकायचे. मी आज लखनौतच वृंदावन योजना नावाच्या नव्या वसाहतीत राहते, खाली पार्किंगमध्ये शंभर गाड्या उभ्या असतात, सगळ्यांच्या पोटात हाच पंप आणि हाच डबा, आणि हवा तरीही काळीच आहे. त्यावर मी अजून पत्रकं काढते. पण सकाळी कुणी किल्ली फिरवली आणि ते गुणगुणणं ऐकू आलं की लिहिता लिहिता थांबते, हेही खरं.

रस्त्यावरच्या चाचण्या ठीक झाल्या. सरळ रस्त्यावर आत्याबाई पाण्यासारखी जायची. वळणावर एखादा आचका द्यायची. बाबा म्हणायचे, "नवीन आहे, शिकेल."

रविवार आला. होळीच्या आधीचा, ऊन कोवळं, कोपऱ्यावर गुजिया तळल्याचा वास. चौकात निम्मी कॉलनी जमलेली, कारण तिवारीजींनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं होतं. बारातवालाही आला होता, खिशात फडकं घेऊन, माल ताब्यात घ्यायला आल्यासारखा. आमचा नियम असा की गाडीनं चौकाला एक पूर्ण फेरी मारायची, म्हणजे इंजिन तापतं, आणि मग रुमाल. नसरीननं भोंग्यातून पुकारलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, मान ताठ, आत्याबाईला घेऊन आले आणि चौकातल्या गोलाभोवती उजवीकडे वळू लागले. अर्धी फेरी झाली आणि गाडी बंद पडली.

पुन्हा किल्ली. सुरू. चार हात गेली, बंद. पुन्हा. बंद. तिवारीजी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेत म्हणाले, "बिटिया, धुआँ तो बंद हो गया. गाड़ी भी." चौक हसला. बारातवाला पुढे सरकून बॉनेटला टेकला. बाबा उतरले आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. लोकांसमोर हरलेल्या माणसाचा नव्हे. आजारी माणसाशेजारी उभ्या असलेल्याचा.

"बाबा, किल्ली अर्धी फिरवा," मी म्हटलं.

"काय उपयोग?"

"फिरवा तर."

त्यांनी फिरवली. ते गुणगुणणं आलं, पण ते नव्हतं. उंच, कोरडं, घशाला कोरड पडल्यासारखं. महिनाभर मी ते ऐकत होते, माझी चूक कशी होणार? "पंपाला पेट्रोल मिळत नाहीये," मी म्हटलं. "हवा ओढतोय. सरळ रस्त्यावर चालते, वळली की मरते."

बाबांनी कपाळावर हात मारला. मग हसायलाच लागले. आमच्या सेक्टरात तेव्हा उभ्या गाड्यांतून नळी घालून पेट्रोल चोरायचे, म्हणून कुणीही टाकी भरत नसे. सगळ्यांच्या घरी खाटेखाली पेट्रोलचा डबा, आणि लागेल तेवढं सकाळी ओतायचं. आईचा तर नियमच होता, टाकीत दोन लिटरच्या वर ठेवायचं नाही. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून गेलं, कारण ती वाटी होती. घोटभर साठा असायचा. आता वाटी गेली होती. गाडी उजवीकडे वळली की तळाशी असलेलं पेट्रोल टाकीच्या डाव्या अंगाला चढायचं आणि पंपाचं तोंड उघडं पडायचं. "विमानात याच्यासाठी मध्ये वेगळी टाकी असते," बाबा म्हणाले. "आयुष्यभर तेच केलं. आणि इथे? घरची गाडी म्हणून घरच्यासारखं वागलो."

"मग आता?" आई म्हणाली. ती डबा घेऊन आली होती, त्यात आमच्यासाठी थालीपिठं. "भरा टाकी. मी नियम केला, मीच मोडते."

आमच्या घरचा डबा सकाळीच रिकामा झाला होता, तेव्हा नसरीननं भोंगा तोंडाशी नेला. "भाइयों और बहनों, जिसके घर में पेट्रोल हो, ले आइए." आणि लोक खरंच धावले. काय काय आलं. तेलाचे डबे, सरबताच्या बाटल्या, एक आजोबा तर 'गंगाजल' असं लिहिलेली कॅन घेऊन आले. इतकं पेट्रोल घराघरात, खाटांखाली, चुलीपासून हातभर अंतरावर. मी भोंगा ओढून घेतला आणि तिथल्या तिथं भाषण केलं की तुम्ही सगळे बॉम्बवर झोपता आहात, आधी त्या बिड्या विझवा, मागे व्हा, आणि पुढचं पत्रक याच विषयावर असेल. लोकांनी बिड्या विझवल्या आणि टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या नको होत्या. मला ते खाटेखालचे डबे बंद व्हायला हवे होते.

सगळ्यात पुढे तिवारीजी, निळा डबा मिरवत. "लीजिए भाईसाहब. पड़ोसी कब काम आएगा." बाबांनी झाकण उघडलं, वास घेतला, दोन बोटांत थेंब चोळून पाहिला. बोटं चिकट झाली. स्कूटरचं पेट्रोल, तेल मिसळलेलं. ते टाकीत गेलं असतं तर निळा धूर पार मुंशी पुलियापर्यंत दिसला असता. बाबांनी बोटं तिवारीजींसमोर धरली. तिवारीजींनी डबा मागे घेतला आणि अत्यंत निरागस चेहऱ्यानं म्हणाले, "अच्छा, इसमें तेल भी होता है?" त्यांना माहीत होतं की नव्हतं, हा वाद आमच्या घरात बाबा असेपर्यंत चालला. आई म्हणायची नव्हतं. मी म्हणते होतं. मग मी आणि आई प्रत्येक डब्याशी बसलो, बोटांनी चोळून. बहुतेक सगळी स्कूटरची. कोरडं, स्वच्छ पेट्रोल निघालं ते पलीकडच्या डॉक्टरीणबाईंचं, बँकेतल्या एका बाबूंचं आणि त्या गंगाजलवाल्या आजोबांचं. टाकी अर्ध्याच्या वर गेली.

बाबांनी किल्ली अर्धी फिरवली. भरल्या तोंडाचं गुणगुणणं. मी मान हलवली. गाडी सुटली, उजवीकडे वळली, अर्धी फेरी, पाऊण, पूर्ण, आणि माझ्यासमोर येऊन संथ धडधडत उभी राहिली. मी तिवारीजींना रुमाल दिला. त्यांनी तो नाकारला, स्वतःच्या खिशातला काढला, परीटघडीचा, आणि वाकून सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. चांगला बराच वेळ धरला. मग उठले, उन्हात धरून इकडून पाहिला, तिकडून पाहिला, हुंगला. त्यांनी रुमालानं कपाळाचा घाम पुसला आणि तो खिशात ठेवला. "भाईसाहब," ते बारातवाल्याला म्हणाले, "आप कोई दूसरी दुल्हन देखिए."

मी भोंग्यातून निकाल जाहीर करणार होते. सगळं मनात तयार होतं, दोन घोषणाही. पण बाबा थांबलेच नाहीत. त्यांनी आईला पुढे बसवलं, डब्यासकट, आणि पुन्हा गोलाला निघाले. मग पुन्हा. आई खिडकीतून लोकांना थालीपीठ वाटत होती, बाबा एका हातानं गाडी चालवत, दुसरा हात खिडकीबाहेर काढून थापा मारत होते आत्याबाईच्या दाराला, आणि तिला काय झालं होतं कोण जाणे, ती वळणावर साधं अडखळतही नव्हती. मी भोंग्यातून ओरडले, "बाबा, पेट्रोल वाया जातंय. काम नसताना गाडी फिरवणं हा गुन्हा आहे." बाबांनी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याचं दाखवलं. मी पुन्हा ओरडले. ते पुन्हा समोरून गेले. आई म्हणाली, "गरम आहे तोवर खाऊन घे."

मी भोंगा नसरीनच्या हातात दिला, पुढच्या फेरीला गाडी जरा मंदावली तेव्हा मागचं दार उघडलं आणि आत बसले.